केअरर्स असेसमेंट: "सासूबाईंचं सगळं मीच करते" म्हणणाऱ्या इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे "मी केअरर आहे" असं कोणी म्हणत नाही. "आईचं मीच बघते", "बाबांचं सगळं करावं लागतं हो आता", बस्स. त्यामुळे कौन्सिलच्या वेबसाइटवर केअरर हा शब्द दिसला की आपल्याला वाटतं ती एजन्सीची युनिफॉर्मवाली बाई, सकाळी अर्धा तास येऊन आंघोळ घालून जाते ती. ती केअर वर्कर, तिला पगार असतो. केअरर म्हणजे तुम्ही. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया झाला तेव्हा हे कळायलाच मला दोन वर्षं गेली, म्हणून मंडळात, वॉट्सॲपवर, देवळाच्या पार्किंगमध्ये लोक जे जे विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतेय. कायद्याचा भाग इंग्लंडचा आहे, स्कॉटलंड वेल्सवाल्यांसाठी खाली थोडंसं आहे.

ही असेसमेंट म्हणजे नक्की काय? आमची परीक्षा घेतात का?

नाही हो. तुम्ही सेवा नीट करता की नाही हे बघायला कोणी येत नाही. आजारी माणसाचं करताना तुमचं काय होतंय, तुमची झोप, पाठ, नोकरी, डोकं, आणि तुम्हाला कशाची मदत लागेल, एवढ्यावरच ते बोलणं असतं. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम १० मध्ये हे आहे, लागू झालं एप्रिल २०१५ पासून. त्याआधीही १९९५ चा एक कायदा होता पण त्यात तुम्ही 'नियमित आणि भरपूर' काळजी घेत असाल तरच, अशी भानगड होती. आता तसं नाही, तुम्हाला मदतीची गरज असू शकते असं नुसतं दिसलं तरी कौन्सिलला असेसमेंट करावीच लागते. तुमचा पगार किती, बँकेत किती, घर स्वतःचं का भाड्याचं, यावरून "तुमची असेसमेंट करत नाही" असं त्यांना म्हणता येत नाही.

मी वेगळ्या घरात राहतो, फक्त वीकेंडला जातो. मला केअरर धरतील?

धरतील. औषधांचा डबा भरणं, जीपीला म्हणजे फॅमिली डॉक्टरला सकाळी आठ वाजता फोन लावून रांगेत थांबणं, बिलं, रात्री दोनदा उठणं, "गॅस बंद केला का" म्हणून दिवसातून चार फोन, हे सगळं त्यात येतं. आणि आपल्या लोकांचं एक खास काम असतं जे कोणी मोजतच नाही, हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून उभं राहणं. त्यासाठी अर्धी रजा जाते. तेही सांगा.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून साधारण ५० लाख लोकांनी आपण बिनपगारी काळजी घेतो असं लिहिलं होतं, त्यात आपल्यापैकी कितीजणांनी तो चौकोन टिक केला असेल कोण जाणे.

घरच्या सुनेनं करायचं ते कामच आहे ना, त्याला कसली असेसमेंट?

हा प्रश्न मला एका काकांनी विचारला होता, नीट, रागावून नाही. त्यांना मी सांगितलं की इथल्या सरकारलाही आधी असंच वाटायचं. १९७६ मध्ये काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना तो मिळतच नव्हता, कारण काय तर त्या घरीच असतात. प्रकरण युरोपच्या कोर्टात गेलं तेव्हा कुठे १९८६ मध्ये ते बदललं. म्हणजे गोऱ्या सुनांचंही तेच चाललं होतं.

फोन कुठल्या कौन्सिलला करायचा?

इथे खूप जण चुकतात. ज्यांची काळजी घेताय त्या जिथे राहतात तिथल्या कौन्सिलला, तुमच्या नाही. तुम्ही रेडिंगला आणि आई हॅरोला असेल तर हॅरो. दुसरी गोष्ट, जिथे दोन पातळ्यांची कौन्सिलं आहेत, समजा सरे, तिथे हे काम काउंटी कौन्सिलचं, कचऱ्याचे बिन उचलणाऱ्या डिस्ट्रिक्ट किंवा बरोचं नाही. ॲडल्ट सोशल केअर असा विभाग शोधा. काही ठिकाणी कौन्सिलनं हे काम तिथल्या केअरर्स सेंटरला दिलेलं असतं, मग ते तिकडे पाठवतील, जा, बरेचदा ती माणसं जास्त समजूतदार असतात.

फोनवर गोल गोल बोलू नका. आपण "जरा मदत मिळाली असती तर" असं सुरू करतो आणि ते लोक एखादं माहितीपत्रक ईमेल करून मोकळे होतात. सरळ म्हणा, 'आय वुड लाइक अ केअरर्स असेसमेंट अंडर द केअर ॲक्ट'. कायद्याचं नाव ऐकलं की पलीकडचा आवाज थोडा बदलतो, खरंच. तारीख आणि कोणाशी बोललात ते लिहून ठेवा.

सासूबाई म्हणतात मला कोणाची गरज नाही, घरात परकं माणूस नको. मग माझी असेसमेंट होईल का?

होईल. तुमची असेसमेंट तुमची असते, त्यांच्या परवानगीवर अवलंबून नाही. त्यांनी स्वतःची असेसमेंट नाकारली, किंवा झाली आणि कौन्सिलनं त्यांना काही देऊ केलं नाही, तरीही तुमचा हक्क तसाच राहतो. दोघींची एकत्र करता येते पण दोघींनी हो म्हटलं तरच, आणि माझं स्पष्ट मत आहे की एकत्र करू नका. सासूबाई समोर सोफ्यावर बसलेल्या असताना "मला रात्री झोप मिळत नाही, मी चिडते, मग रडते" हे कोण बोलणार? आमच्याकडे कौन्सिलच्या असेसमेंटवाल्या बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी छान साडी नेसून त्यांना चहा दिला, इंग्रजीत 'प्लीज हॅव अ बिस्किट' म्हणाल्या, आणि आदल्या रात्री तीन वाजता याच सासूबाई दारात उभ्या राहून "मला दादरला जायचंय" म्हणत होत्या. आता सांगा कोणाला पटणार होतं.

सोशल सर्व्हिसेसला कळलं तर आईला केअर होममध्ये टाकतील का?

ही भीती लोक मोठ्यानं बोलत नाहीत, फोन ठेवता ठेवता विचारतात. तुम्ही तुमच्यासाठी असेसमेंट मागितली म्हणून कोणी आईला उचलून नेत नाही. आईला स्वतःचं कळतंय तोपर्यंत कुठे राहायचं हे तीच ठरवते. डिमेन्शियामुळे कळेनासं झालं असेल तर मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे तिच्या हिताचं काय ते ठरवावं लागतं आणि त्यात तिच्या सवयी, आवडीनिवडी आणि घरच्यांचं म्हणणं धरावं लागतं.

काय काय विचारतात?

काही कौन्सिलं आधी ऑनलाइन फॉर्म भरायला लावतात, काही फोनवर करतात, काही घरी येतात. फोनवर अवघड जात असेल तर समोरासमोर हवी असं मागा.

कायद्यानं त्यांना दोन गोष्टी बघाव्याच लागतात. हे करणं तुम्हाला जमतंय का आणि पुढेही जमेल का, ही एक, आणि तुमची ते करायची इच्छा आहे का, पुढे राहील का, ही दुसरी. इच्छा. मला आयुष्यात तोपर्यंत कोणी हे विचारलंच नव्हतं, मी दोन मिनिटं गप्पच बसले. तुम्ही "आंघोळ मी घालणार नाही, बाकी सगळं करेन" असं म्हणू शकता. मुलानं आईला आंघोळ घालायची, सुनेनं सासऱ्यांचं डायपर बदलायचं, यात कितीजणांना संकोच होतो ते आपल्याला माहीत आहे, तो संकोच तिथे सांगायचा. नाही म्हणण्याचा हक्क आहे तुम्हाला. याशिवाय तुम्ही नोकरी करता का किंवा करायची आहे का, काही शिकायचंय का, मोकळा वेळ, छंद, हेही विचारात घ्यावंच लागतं. भजनाला जाणं बंद झालं, बॅडमिंटन सुटलं, हे फालतू समजून गाळू नका.

तयारी काय करू?

एक आठवडा डायरी लिहा. दिवसाची आणि रात्रीचीसुद्धा. किती वाजता उठलात, काय उचललंत, काय खाल्लंत, का खाल्लंच नाहीत. वेगळं वहीबिही नको, फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतं.

आणि प्लीज "जमतंय", "चाललंय", "देवाच्या कृपेनं ठीक आहे" हे शब्द त्या दिवशी घरी ठेवा. पहिल्या वेळी मला फोनवर विचारलं कसं चाललंय, मी सवयीनं 'वी आर मॅनेजिंग' म्हटलं, वीस मिनिटांत आटपलं आणि तीन आठवड्यांनी पत्र, तुम्ही पात्र नाही. चूक त्यांचीही होती, वीस मिनिटांत कोणाचं आयुष्य कळतं, पण मी त्यांना नाही म्हणायला सोपं करून दिलं. दुसऱ्या वेळी डायरी समोर ठेवली. पाहुणे आल्यावर आपण घर आवरतो ना तसं दुःखही आवरून ठेवायची आपल्याला सवय आहे. तुमचा सर्वात वाईट दिवस सांगा, बरा दिवस नको. तुमचे स्वतःचे आजार, शुगर, बीपी, गुडघे, आणि घेत असलेली औषधं पण लिहून न्या.

माझं इंग्रजी कच्चं आहे. नातीला बसवू का बोलायला?

नको. नातीसमोर तुम्ही खरं बोलणार नाही आणि तिनं ते ऐकू पण नये. दुभाषी मागा, तो कौन्सिलनं द्यायचा, पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. फक्त मराठी असं ठासून सांगा, नाहीतर 'इंडियन' ऐकून गुजराती किंवा हिंदीवाला पाठवतात, माझ्या ओळखीच्या एका आजींकडे असंच झालं, त्यांनी मग गुजरातीतच निभावलं, आयुष्य मुंबईत गेलेलं. जर तुम्हाला प्रश्न समजून उत्तर देणं खूपच अवघड जात असेल आणि सोबत बसायला योग्य असं कोणी नसेल तर स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तुमची बाजू मांडायला मदत करणारा माणूस) द्यायची जबाबदारीही कौन्सिलवर असते.

पात्र कधी ठरतो?

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. तुमची अडचण तुम्ही घेत असलेल्या आवश्यक काळजीमुळेच आली असली पाहिजे. त्यामुळे तुमची तब्येत बिघडतेय किंवा बिघडायचा धोका आहे, नाहीतर यादीतली एखादी गोष्ट तुम्हाला जमत नाहीये. त्या यादीत स्वतःच्या मुलांकडे बघणं, आणखी कोणाची काळजी घेणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नीट खाणं, नाती टिकवणं, नोकरी किंवा शिक्षण, जवळच्या सोयी वापरणं आणि करमणूक आहे. आणि तिसरं म्हणजे याचा तुमच्या एकूण जगण्यावर मोठा परिणाम होतोय. यादीतली एक गोष्टसुद्धा पुरते, आठही लागत नाहीत. आणि जमतं पण त्यानं खूप त्रास होतो, तर ते 'जमत नाही' मध्येच धरतात. हे नियमात आहे, वाद घालायला उपयोगी पडतं.

मग मिळतं काय शेवटी?

प्रत्येक कौन्सिलचं वेगळं, त्यामुळे लेस्टरच्या मावशीला अमुक मिळालं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही. एक सपोर्ट प्लॅन बनतो. काहींना डायरेक्ट पेमेंट म्हणजे थेट खात्यात पैसे मिळतात, बरेचदा वर्षाला एकदाच छोटी रक्कम, त्यातून जिम, एखादा क्लास, ड्रायव्हिंगचे धडे, घरकामाला किंवा बागेला माणूस, असं काहीतरी. काहींना पाठ न दुखता माणूस कसं उचलायचं याचं ट्रेनिंग. इमर्जन्सी प्लॅन, म्हणजे उद्या तुम्हीच आजारी पडलात तर कोण येणार ते आधीच लिहून ठेवलेलं, हा मात्र सगळ्यांनी मागाच. आणि सर्वात मोठी गोष्ट सुट्टी, ज्याला ते रेस्पाइट म्हणतात, म्हणजे थोडा वेळ दुसरं कोणी येऊन बसणार किंवा आई काही दिवस दुसरीकडे राहणार. मला गुरुवारचे चार तास मिळाले. पहिल्या गुरुवारी मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीतच झोपले, सामान आणलंच नाही.

याचे पैसे द्यावे लागतात?

असेसमेंट फुकट. तुमच्यासाठीच्या मदतीवर पैसे लावायचा अधिकार कौन्सिलला आहे पण खूप कौन्सिलं लावत नाहीत. मेख रेस्पाइटमध्ये आहे. ते तुम्हाला मिळतं असं वाटलं तरी कागदावर ती आईला दिलेली सेवा असते, त्यामुळे त्यासाठी आईची असेसमेंट लागते आणि आईचे, तुमचे नाही, आईचे पैसे मोजतात. तिच्या नावावर २३,२५० पाउंडांच्या वर बचत असेल तर साधारण सगळा खर्च तिचाच, १४,२५० च्या खाली असेल तर बचत धरत नाहीत, फक्त उत्पन्न बघतात. घरी मदत घेत असेल तर ती राहते ते घर मोजत नाहीत. पुण्यातला तिच्या नावावरचा फ्लॅट मात्र मालमत्ता धरला जातो, "तो इंडियात आहे" हे कारण चालत नाही, लपवू नका.

केअरर्स अलाउन्स आणि हे एकच का?

अजिबात नाही, आणि यातच सगळ्यात जास्त गोंधळ. अलाउन्स सरकारच्या डीडब्ल्यूपी म्हणजे पेन्शन-भत्त्यांच्या खात्याकडून, असेसमेंट कौन्सिलकडून. अलाउन्सला आठवड्याला ३५ तासांची अट आहे, असेसमेंटला तासांची अटच नाही. २०२५-२६ मध्ये अलाउन्स आठवड्याला ८३.३० पाउंड होता आणि कर वगैरे वजा जाऊन कमाई आठवड्याला १९६ पाउंडांच्या आत हवी होती, एक पाउंड जरी वर गेला तरी त्या आठवड्याचा पूर्ण अलाउन्स जातो, आणि लोकांना नंतर हजारो पाउंड परत करायच्या नोटिसा आल्यात, सांभाळून. दर एप्रिलमध्ये आकडे बदलतात. शिवाय ज्यांची काळजी घेताय त्यांना आधी अटेंडन्स अलाउन्ससारखा आजारपणाचा भत्ता मिळत असायला लागतो. तुम्हाला स्टेट पेन्शन असेल तर बहुतेक वेळा अलाउन्स हातात पडत नाही. पण अलाउन्स नाकारला म्हणून असेसमेंट नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा.

व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) असं लिहिलंय. फोन केला तर व्हिसा जाईल?

इमिग्रेशनच्या नियमांत पब्लिक फंड्स कशाला म्हणायचं त्याची यादी आहे. केअरर्स अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स, युनिव्हर्सल क्रेडिट हे सगळं त्यात आहे. कौन्सिलची सोशल केअर त्यात नाही. म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या मुलीनं आईसाठी करताना स्वतःची असेसमेंट मागितली तर तिनं पब्लिक फंड्स वापरले असं होत नाही. ज्यांचा व्हिसा संपलाय त्यांच्यासाठी मात्र वेगळी बंधनं आहेत. आणि आई-बाबांना ॲडल्ट डिपेन्डन्ट रिलेटिव्ह रूटनं आणलं असेल, पाच वर्षं आम्हीच सांभाळू अशी लेखी हमी दिली असेल, तर कुठल्याही बेनिफिटचा फॉर्म भरायच्या आधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. वॉट्सॲपवरच्या काकांना नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी फुल टाइम नोकरी करतो, मग?

मग तर जास्तच. नोकरी टिकवायची आहे हेच गरज म्हणून सांगा. शिवाय ६ एप्रिल २०२४ पासून केअरर्स लीव्ह ॲक्टमुळे वर्षाला एक आठवडा रजा घेता येते, बिनपगारी आहे पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, आणि अर्धा अर्धा दिवस करूनही घेता येते. त्याच दिवसापासून वेळ बदलून मागायचा, घरून काम मागायचा अर्जही पहिल्या दिवसापासून करता येतो.

मुलगा ऑटिस्टिक आहे, किंवा घरात पंधरा वर्षांची मुलगीच आजीचं करते. त्यांना हेच लागू?

अठराच्या खालच्या अपंग मुलाच्या आईवडिलांना आणि अठराच्या खालच्या केअररलाही असेसमेंटचा हक्क आहे, पण कायदा वेगळा, चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट २०१४, आणि फोन चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला करायचा. मुलीच्या शाळेलाही कळवा.

आम्ही ग्लासगोला आहोत / कार्डिफला आहोत.

स्कॉटलंडमध्ये याला ॲडल्ट केअरर सपोर्ट प्लॅन म्हणतात, एप्रिल २०१८ पासून. वेल्समध्ये वेगळा कायदा, एप्रिल २०१६ पासून. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम कौन्सिलकडे नाही, तिथल्या हेल्थ अँड सोशल केअर ट्रस्टला विचारायचं.

आई-बाबा नाशिकला आहेत, मी इथून रात्री जागून सगळं बघतो. माझी असेसमेंट?

कौन्सिलकडून नाही होत, कारण ज्यांची काळजी घेताय ते त्यांच्या हद्दीत राहत नाहीत. वाईट वाटतं सांगताना, कारण रात्री अडीचला नाशिकच्या डॉक्टरशी बोलणाऱ्याची झोप पण झोपच असते. तिकडे आई-बाबांसाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची एल्डरलाइन आहे, तो नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. इकडे जीपीला आणि मॅनेजरला सांगा.

जीपीला सांगून काय होतं?

रेकॉर्डवर केअरर असं लागतं. फ्लूची लस फुकट मिळू शकते, अपॉइंटमेंटची वेळ थोडी सांभाळून देतात, आणि तुमची तब्येत बिघडतेय याची नोंद तयार होते जी असेसमेंटला कामाला येते. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

चार महिने झाले, कोणी आलंच नाही. किंवा आले आणि नाही म्हणाले.

कायद्यात अमुक दिवसांत करा असा आकडा नाही, 'वाजवी वेळेत' एवढंच, आणि त्याचाच ते फायदा घेतात. लेखी विचारा, तारीख मागा, तब्येत जास्त बिघडली असेल तर ते कळवा. नाही म्हणाले तर असेसमेंटची प्रत आणि नाही म्हणण्याची कारणं लेखी द्यावी लागतात, सोबत काय करता येईल याचा सल्लाही. प्रत वाचा नीट, माझ्यात सासूबाईंचं वय चुकीचं होतं आणि "रात्री झोपतात" असं लिहिलं होतं. चुका दाखवा, परत बघायला सांगा, मग कौन्सिलच्या तक्रार विभागात, आणि तिथेही नाही जमलं तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाकडे), साधारण गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. फुकट आहे, वकील लागत नाही. अडलात तर केअरर्स यूकेची हेल्पलाइन आहे, पत्र कसं लिहायचं तेही समजावतात.

एकदा मिळालं की झालं ना?

प्लॅन वर्षातून एकदा तरी परत बघायचा असतो. आणि मध्येच काही बदललं, सासूबाई पडल्या, तुम्हाला नोकरी लागली, नवरा बाहेरगावी गेला, तर तेव्हाच फोन करायचा, वर्षाची वाट बघायची नाही. माझ्याकडे वर्ष उलटलं तरी कोणाचा फोन आला नाही, मग मीच केला, आता कॅलेंडरमध्ये मार्चच्या पहिल्या सोमवारी लिहूनच ठेवलंय, गुढीपाडव्याच्या साफसफाईच्या यादीच्या वरती.